किंगफिशर आपली कधी होती?

२०२१ च्या जूनमध्ये हायनेकन या डच कंपनीने युनायटेड ब्रुअरीजमधला आपला हिस्सा साडेशेहेचाळीस टक्क्यांवरून साडेएकसष्ट टक्क्यांवर नेला आणि किंगफिशर बिअरची सूत्रे रीतसर ॲमस्टरडॅमकडे गेली. विकले गेलेले समभाग विजय मल्ल्यांच्या बाजूचे होते आणि बँकांच्या थकलेल्या कर्जापोटी ते वसुलीत निघाले होते. विकणाऱ्याच्या मर्जीचा प्रश्नच नव्हता. बातमी अर्थपानावर आली आणि विरली. नागपूरहून यवतमाळ, आर्णीमार्गे तुळजापूरकडे जाणाऱ्या महामार्गावरच्या महागावात बिअर शॉपीच्या फ्रीजमध्ये त्यामुळे काहीच बदलले नाही. लेबलावर तोच खंड्या, तीच साडेसहाशे मिलिलिटरची बाटली. तरी अशी बातमी कानावर आली की बिअर पिणाऱ्या माणसाला काहीतरी बोचते. ‘आता हीपण गेली फॉरेनवाल्यांकडे’ असे म्हणताना त्याच्या आवाजात थोडा राग असतो आणि थोडी हळहळ. ज्या कंपनीचा एक समभाग त्याच्याकडे नव्हता, जिचा कारखाना त्याने कधी पाहिला नाही, तिच्यासाठी ही हळहळ कुठून येते? तिला हसण्यावारी नेणे सोपे आहे, पण मला ती खरी वाटते. फक्त ती उशिरा येते आणि भलत्याच माणसावर निघते.

आधी ‘आपली’ या दाव्याकडे पाहू. युनायटेड ब्रुअरीज ही कंपनी १९१५ मध्ये थॉमस लीशमन या स्कॉटिश माणसाने दक्षिण भारतातले पाच कारखाने एकत्र करून उभी केली. त्यातल्या कॅसल ब्रुअरीचा जन्म १८५७ चा सांगतात. गिऱ्हाईक होते गोरे सोल्जर. विठ्ठल मल्ल्या १९४७ मध्ये कंपनीचे पहिले भारतीय संचालक झाले आणि लवकरच कंपनी त्यांच्या हाती आली. किंगफिशर हे नाव आज ज्या रूपात ओळखीचे आहे ते १९७८ मध्ये नव्याने बाजारात आणले गेले. पुढे स्कॉटिश अँड न्यूकॅसलने कंपनीत मोठा हिस्सा घेतला, २००८ मध्ये ती ब्रिटिश कंपनी हायनेकन आणि कार्ल्सबर्गने मिळून विकत घेतली आणि तो हिस्सा आपसूक हायनेकनकडे आला. म्हणजे स्कॉटिश हातातून भारतीय हातात आणि तिथून डच हातात. मधली पाऊणशे वर्षे आपली म्हणायची तर म्हणावीत. पण त्या पाऊणशे वर्षांतही बाटलीत आपले काय होते? जव राजस्थान-हरयाणाकडचा, हॉप्स परदेशातून आलेले, कृती युरोपातल्या लागरची. महाराष्ट्राचे म्हणावे असे त्या बाटलीत एकच द्रव्य आहे, पाणी. आणि त्याची किंमत मराठवाड्याला चांगली ठाऊक आहे. औरंगाबादच्या औद्योगिक वसाहतींतले बिअरचे कारखाने जायकवाडीच्या पाण्यावर चालतात. एप्रिल २०१६ मध्ये, लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागत होते त्या दुष्काळात, उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने मद्य कारखान्यांच्या पाण्यात पन्नास ते साठ टक्के कपात करण्याचा आदेश दिला. त्या उन्हाळ्यात तरी कारखान्याचा मालक भारतीय की परदेशी असे कोणी विचारले नाही. पाणी किती घेतो, एवढाच प्रश्न होता.

विक्रीची मालिका हायनेकनपासून सुरू झालेली नाही. मुंबईच्या परमिट रूममध्ये एके काळी लंडन पिल्सनरचा दबदबा होता. नाव लंडनचे आणि गिऱ्हाईक गिरगाव-परळचे. ती युनायटेड ब्रुअरीजच्या पदरात गेली तेव्हा ‘आपली बिअर गेली’ म्हणून कोणी गळा काढला नाही, कारण घेणारा बंगळूरचा होता. दुसरीकडे दक्षिण आफ्रिकेतून आलेल्या सॅब या कंपनीने २००० मध्ये नारंग ब्रुअरीज घेतली, मग नॉकआउटवाली म्हैसूर ब्रुअरीज घेतली. २००३ मध्ये शॉ वॉलेसशी भागीदारी केली आणि २००५ मध्ये ती पूर्ण ताब्यात घेऊन हेवर्ड्स ५००० आपल्या नावावर केली. २००६ मध्ये फॉस्टर्सचा भारतातला धंदा, औरंगाबादच्या कारखान्यासह, तिच्याकडेच आला. २०१६ मध्ये खुद्द सॅबमिलरलाच बेल्जियममध्ये मुख्यालय असलेल्या एबी इनबेव्हने गिळले. यवतमाळ जिल्ह्यातल्या स्ट्राँग पिणाऱ्याची हेवर्ड्स अशी दहा-पंधरा वर्षांत कोलकात्याहून जोहान्सबर्ग-लंडनमार्गे बेल्जियमला पोचली आणि त्याला पत्ताही लागला नाही. राग येतो तो मालकी बदलल्याचा असता, तर या प्रत्येक टप्प्यावर यायला हवा होता. तो आला फक्त किंगफिशरच्या वेळी, कारण त्या एका नावामागे विजय मल्ल्यांचा चेहरा होता, विमान कंपनी होती, क्रिकेटचा संघ होता, कॅलेंडर होते. जाहिरातीने जे ‘आपलेपण’ पिकवले होते तेच आपण हरवले म्हणून शोक केला. हे जरा कठोर वाटेल, पण त्या चेहऱ्याने पुढे बँकांचे काय केले ते पाहता फार कठोर नाही.

मालक भारतीय असण्याने पिणाऱ्याचे काही भले होते का, याचा एक लेखी पुरावा आहे आणि तो बिअरच्या गप्पांत जेवढा यायला हवा तेवढा येत नाही. सप्टेंबर २०२१ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने युनायटेड ब्रुअरीज, कार्ल्सबर्ग इंडिया आणि त्यांच्या संघटनेला संगनमताबद्दल मिळून सुमारे ८७३ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. त्यात सुमारे ७५२ कोटी एकट्या युनायटेड ब्रुअरीजचे होते. आयोगाचा निष्कर्ष असा की २००९ पासून ऑक्टोबर २०१८ मध्ये धाडी पडेपर्यंत या कंपन्या आपसांत दर ठरवून मग राज्य सरकारांकडे दरवाढ मागत होत्या. ज्या राज्यांची नावे आली त्यात महाराष्ट्र आहेच. शिवाय इथे पुरवठा आवळणे आणि बाजार वाटून घेणे हेही घडल्याचे आयोगाने म्हटले. तिसरी मोठी कंपनी, म्हणजे सॅबमिलर आणि नंतर तिची मालक झालेली एबी इनबेव्ह, या कटात सामील होती. पण तिने स्वतः जाऊन कबुली दिली म्हणून तिचा दंड पूर्ण माफ झाला. कंपन्या अपिलात गेल्या; अपिलीय न्यायाधिकरणाने डिसेंबर २०२२ मध्ये दंड कायम ठेवला आणि वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. या वर्षांचा हिशेब लावून पाहावा. त्यातला बहुतेक काळ किंगफिशरवर मल्ल्यांचाच शिक्का होता. म्हणजे महागावच्या शॉपीत उभा असलेला माणूस मनात देशी कंपनी विरुद्ध परदेशी कंपनी असा सामना लावून एक बाटली निवडत होता, आणि पडद्यामागे दोन्ही संघ एकाच टेबलाशी बसून त्याने किती मोजायचे ते ठरवत होते. फुटला तोही परदेशी गडी, स्वतःची कातडी वाचवण्यासाठी. यातून परदेशी कंपन्या चांगल्या असे निघत नाही. निघते एवढेच की तीन कंपन्यांच्या हातात सगळा बाजार असला की मालकाच्या पासपोर्टला काही अर्थ उरत नाही.

मग हळहळ खोटी म्हणायची का? इथे ब्रिटनमधल्या पिणाऱ्यांकडे पाहिले तर बरे पडते, कारण त्यांनी या भावनेचे चळवळीत रूपांतर केले. १९७१ मध्ये तिथे खऱ्या एलसाठीची मोहीम सुरू झाली. आज आपल्याला वाटते की ती बड्या परदेशी कंपन्यांविरुद्ध असेल. तेव्हा समोर होत्या बड्या ब्रिटिश कंपन्या. पिंपातच मुरत राहणारी जिवंत बिअर बंद करून त्या वायूने ढकलली जाणारी, सगळीकडे एकसारखी, मेलेली बिअर पबांवर लादत होत्या. त्या लोकांनी कंपनी कुणाची हे न विचारता पेय कसे बनते आणि ते देणारा दुसरा कोणी उरला आहे का, हे विचारले. बेल्जियमचे उदाहरण याहून बोलके आहे. हूगार्डन गावातली गव्हाची बिअर १९५० च्या दशकात मेली होती. पिएर सेलिस नावाच्या माणसाने १९६० च्या दशकात ती पुन्हा सुरू केली, १९८५ मध्ये त्याचा कारखाना जळाला, उभारणीसाठी मोठ्या कंपनीचा पैसा आला आणि यथावकाश कारखानाही तिचाच झाला. २००५ मध्ये मालक इनबेव्हने जाहीर केले की हूगार्डनचा कारखाना बंद करून उत्पादन दुसऱ्या गावी नेणार. गाव रस्त्यावर उतरले, आणि २००७ मध्ये कंपनीने निर्णय फिरवला. मालक बहुराष्ट्रीयच राहिला. लोकांनी वाचवली ती जागा.

आपल्याकडे पिणाऱ्यांना आपले पेय वाचवता येते का, या कसोटीचा निकाल एकाच सौद्यात दोन्ही बाजूंनी लागलेला आहे, तो बिअरमध्ये नसून थंड पेयांमध्ये आहे. कोका-कोला देश सोडून गेल्यावर १९७७ मध्ये मुंबईच्या पार्लेने थम्स अप आणले आणि १९९३ मध्ये रमेश चौहान यांनी आपली पेये परत आलेल्या कोका-कोलालाच विकली. कंपनीला वाटत होते की थम्स अप हळूहळू विझेल आणि तिचे स्वतःचे पेय त्या जागी येईल. लोकांनी ऐकले नाही. थम्स अप टिकले आणि पुढे अब्ज डॉलरच्या विक्रीचे झाले. त्याच सौद्यातले गोल्ड स्पॉट मात्र फँटाला वाट करून देण्यासाठी गेले. ज्यांच्या लग्नपंगतीत त्याच्या बाटल्या वाटल्या गेल्या होत्या त्यांच्या आठवणीखेरीज त्याचे काही उरले नाही. दोन्ही पेये सारखीच देशी होती. फरक एवढाच की एकाच्या पिणाऱ्यांकडे आकडा होता आणि दुसऱ्याच्या पिणाऱ्यांकडे नुसती माया होती. बहुराष्ट्रीय कंपनी दुष्टपणाने पेये मारते असे नाही; तिला मारण्या-जगवण्याचा निर्णय एका तक्त्यावर घेता येतो आणि त्या तक्त्यात गोल्ड स्पॉटच्या गिऱ्हाइकाला ओळ नसते. पिणाऱ्याला जे बोचते ते हेच असावे. मालक परका झाल्यापेक्षा, आपण दिसेनासे झालो, ही ती बोच आहे.

आणि असे दिसेनासे होणे या भागातल्या माणसाला नवीन नाही. महागाव-उमरखेड-पुसदच्या टापूत पेयाची जुनी परंपरा शोधायला गेलो तर ती जवाच्या लागरपाशी जात नाही, मोहापाशी जाते. उन्हाळा लागताना पहाटे झाडाखाली पडलेली फुले वेचायची, वाळवायची, काही खायला ठेवायची, काही आंबवून भट्टीवर चढवायची. गोंड, आंध या आदिवासींच्या घरांत देवकार्य, लग्न, मरण यांच्याशी जोडलेले हे काम होते. ते कुठल्या कंपनीने विकत घेतले नाही. ते कायद्याने काढून घेतले. मुंबई इलाख्याचा अबकारी कायदा १८७८ चा. त्याचा रोख स्पष्ट होता: गावोगावच्या लहान भट्ट्या बंद करून दारू मोठ्या, मक्तेदारांच्या कारखान्यांत गाळायची, म्हणजे कर मोजायला सोपा. मुंबईला पुरवणाऱ्या उरणच्या भट्ट्या मोहाच्याच होत्या, फक्त त्या वेचणाऱ्याच्या राहिल्या नव्हत्या. १८९२ मध्ये तर ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांसाठी वेगळा मोहाचा कायदा करून फुले गोळा करणे आणि साठवणे यावरच बंधने आणली. फूल अन्नही आहे, याची फिकीर न करता. वऱ्हाड १८५३ पासून इंग्रजांच्या कारभाराखाली होते आणि तिथेही अबकारीची दिशा हीच राहिली. स्वातंत्र्यानंतर १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आला आणि विदर्भ मुंबई राज्यात आल्यावर १९५९ मध्ये तो इकडेही लागू झाला. पुढे बंदी सैल झाली. पुसद तालुक्यातल्या गहुलीचे वसंतराव नाईक मुख्यमंत्री असताना १९७३ चे महाराष्ट्र देशी मद्य नियम आले. पण परतली ती मोहाची दारू नव्हे. परवान्याच्या दुकानात जी देशी आली ती बहुतांशी साखर कारखान्यांच्या मळीची. कारखाना सहकारी, सभासद शेतकरी, अध्यक्ष गावचा. यापेक्षा स्थानिक मालकी कुठली शोधणार? तरी पेयातले गाव गेलेलेच राहिले. स्थानिक मालकीवर सगळी भिस्त ठेवणाऱ्यांनी मळीच्या देशीचा विचार करावा.

सरकारही पिणाऱ्याचीच चूक मोठ्या प्रमाणावर करते. जून २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने भारतीय बनावटीच्या विदेशी मद्यावरचे उत्पादन शुल्क वाढवताना ‘महाराष्ट्र मेड लिकर’ असा नवा वर्ग काढला: धान्यापासूनची दारू, फक्त राज्यातल्या उत्पादकांनी बनवायची, १८० मिलिलिटरला किमान १४८ रुपये. कारखान्याचा पत्ता महाराष्ट्राचा असला म्हणजे दारू महाराष्ट्राची, असा हा हिशेब आहे. तिच्यात इथल्या कुठल्या रानाचा, कुठल्या हाताचा वास असावा अशी अट नाही. महसूल हवा तर तो सरळ मागावा; त्याला प्रांताभिमानाचा मुलामा कशाला, हे कळत नाही.

यावर पहिला आणि सर्वांत वजनदार आक्षेप यवतमाळ जिल्ह्यातूनच येईल, आणि तो बायकांचा असेल. शेजारचा वर्धा जिल्हा १९७० च्या दशकापासून दारूबंदीचा. चंद्रपूरला २०१५ मध्ये बंदी आली आणि २०२१ मध्ये उठली. यवतमाळातही बंदीची मागणी घेऊन बायका मोर्चे काढत आल्या आहेत. ज्या घरात कापसाचे पैसे हाती येण्याआधी बाटलीत जातात तिथे बिअर पिणाऱ्यांच्या कोमल भावनांवर निबंध लिहिणे ही चैन आहे, असे त्या म्हणतील. हा आक्षेप मी खोडून काढू शकत नाही आणि काढू इच्छितही नाही. पण त्याच्या पोटात शिरले तर तो माझ्याच बाजूला येतो असे दिसते. बायकांच्या हातात कायद्याने जे एकमेव हत्यार दिले आहे ते आहे गावाच्या मतदानाचे: मतपत्रिकेवर उभी बाटली आणि आडवी बाटली, आणि निम्म्याहून जास्त मतदारांनी आडवीवर शिक्का मारला की दुकान बंद. हे हत्यार चालते कारण दुकान गावात आहे आणि गावाला ते दिसते. दर ठरवणारी बैठक, पुरवठा आवळणारा फोन, ब्रँड जगवणारा तक्ता यांच्यावर आडवी बाटली चालत नाही. पेय जितके दूर बनते तितकी त्यावरची गावाची सत्ता कमी होते. पिणाऱ्याचीही आणि न पिणारीचीही. या एका मुद्द्यावर दोघांचे हित एक आहे, एरवी ते क्वचितच असते.

दुसरा आक्षेप स्वच्छतेचा. बडी कंपनी म्हणजे सील, तारीख, तपासणी. गावठी म्हणजे विष. २०१५ मध्ये मालवणीत शंभराहून अधिक माणसे गेली, ते विसरता येत नाही. पण त्या दारूत जीव घेणारे होते औद्योगिक मिथेनॉल. ते मोहाच्या झाडावर लागत नाही. चोरून चालणाऱ्या धंद्यात नफ्यासाठी ते मिसळले जाते. उघड्यावर, परवान्याने, तपासणीखाली गाळलेल्या पेयाला हा आक्षेप लागू होत नाही. गोव्यात काजू फेणीला २००९ मध्ये भौगोलिक निर्देशांक मिळाला. मध्य प्रदेशाने तर अलीकडे मोहाला वारसा मद्य ठरवून ते गाळण्याचे काम आदिवासी बचत गटांकडे देण्याची वाट काढली. महाराष्ट्राने २०२१ मध्ये मोहफुले गोळा करण्या-साठवण्यावरचे बरेच निर्बंध उठवले, पण परवान्याशिवाय गाळणे गुन्हाच ठेवले. म्हणजे वेचणाऱ्याने कच्चा माल व्यापाऱ्याला विकावा. मोल वाढवणारा टप्पा दुसऱ्याचा. बिअरमध्येही तेच. २००९ मध्ये पुण्यात डूलाली सुरू झाल्यापासून राज्यात लहान ब्रुअरीची सोय आहे, पण ती पुण्या-मुंबईच्या टेबलापुरती. तालुक्याच्या गावात कोणी ज्वारीची बिअर बनवायची म्हटली तर परवान्याची घडणच त्याच्यासाठी नाही.

तिसरा आक्षेप जरा खवचट आहे: उद्या मोहाचा छोटा ब्रँड चालला की तोही विकला जाईल. जाईल, आणि विकणाऱ्याला दोष देण्याचा अधिकार कुणाला नाही. गोव्यात जिन बनवणारी नाओ स्पिरिट्स २०२५ मध्ये डिआजिओच्या भारतीय कंपनीने घेतलीच. उभी केलेली गोष्ट विकून मोकळे होणे हा उद्योजकाचा हक्क आहे. मल्ल्यांसारखी कर्जात बुडवण्यापेक्षा ते केव्हाही बरे. म्हणूनच मालकीवर पहारा ठेवण्यात अर्थ नाही. फेणीचा निर्देशांक कुणाला कंपनी विकण्यापासून अडवत नाही. तो फक्त एवढे म्हणतो की गोव्याबाहेर गाळलेल्याला हे नाव लावता येणार नाही. हायनेकनने उद्या फेणीची भट्टी घेतली तरी काजू गोव्यातच पिळावा लागेल. किंगफिशरच्या खंड्याला असे कुठलेही झाड बांधलेले नाही. तो औरंगाबादेत बसतो, तळोज्यात बसतो, उद्या आणखी कुठे बसेल.

मोहाला असे झाड आहे, पण निर्णय घेणारी पंचायत सगळीकडे सारखी नाही. यवतमाळ जिल्ह्याच्या घाटंजी, केळापूर, मारेगाव, राळेगाव अशा भागांतली बरीच गावे अनुसूचित क्षेत्रात मोडतात. तिथे १९९६ च्या पेसा कायद्याने गौण वनोपज आणि मादक पदार्थ या दोन्ही बाबतींत ग्रामसभेला आवाज दिला आहे. मोहाचे फूल वेचायचे की नाही आणि दारूचे दुकान ठेवायचे की नाही, हे एकाच सभेपुढे येऊ शकते. महागाव तालुका त्या यादीत नाही. इथे फुलाचा विचार वन खात्याकडे, गाळण्याचा राज्य उत्पादन शुल्क खात्याकडे, शॉपीच्या परवान्याचा जिल्हाधिकाऱ्याकडे आणि बाटलीतल्या बिअरचा ॲमस्टरडॅमला. यातली पहिली तीन कार्यालये एका ग्रामसभेच्या ठरावासमोर आणायला राज्याला कुठल्या परदेशी कंपनीची परवानगी लागत नाही.